मंडळींचा सूर

आमच्या शिरूर कासारात सप्त्याची पत्रिका छापली की कीर्तनकार महाराजांचं नाव ठळक येतं. त्याखाली गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार येतात. अन्नदाते येतात, मंडपवाला येतो, लाऊडस्पीकरवालासुद्धा येतो. पेटीवाल्याचं नाव जागा उरली तर शेवटच्या ओळीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चाळीसेक वर्षं पेटीमागं बसलो, नारळ-टॉवेल घेऊन समाधानानं घरी आलो. पण एक प्रश्न मनात राहिला आहे. गावाला गायला लावणाऱ्या या माणसाला शिकवतं कोण?

महाराज व्हायचं तर आळंदी आहे. जोग महाराजांनी 1917 साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षं राहून पोरं पाठांतर, कीर्तन शिकून येतात. रागदारी शिकायची तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. त्यातल्या काही मीही दिल्या. परीक्षकांनी मला राग विचारले, ताल विचारले, आलाप वाजवून घेतले. पण तिसऱ्या अभंगाला चाल धरणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज बसला तर पेटीवाल्यानं काय करायचं, हे मला कुणी विचारलं नाही. ते मला शिकवलं एका ख्रिस्ती मास्तरांनी.

मास्तर नगरकडचे. पाथर्डीमार्गे एस.टी.नं येऊन आमच्या हायस्कुलात रुजू झाले, तेव्हा मी आठवीत होतो. 1977 साल असावं. शाळेत प्रार्थनेसाठी एक पेटी होती, तिचे चार सूर मुके झालेले. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात ती उघडली. आम्ही पोरं भोवती बसलो. आत पितळेच्या बारीक पत्त्यांची रांग, आणि तिच्यावर शिरूरची लाल धूळ. मास्तरांनी वहीच्या कागदाची पट्टी कापली, एकेका पत्तीखालून हळूच फिरवली आणि फुंकर मारली. तीन सूर बोलायला लागले. चौथी पत्ती चिरली होती. "ही पालिताण्याहून मागवावी लागेल," ते म्हणाले, "गुजरातेत आहे ते गाव. पेटीचे सूर तिथलेच चांगले."

पत्तीचं टोक अगदी थोडं घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, हेही त्याच दिवशी पाहिलं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. तेव्हा जोर करायचा नाही, पेटी चुलीपासून लांब पण कोरड्या जागी ठेवायची. माझं शिक्षण असं सुतारकामापासून सुरू झालं. मास्तरांचंही तसंच झालं होतं. नगरच्या बोर्डिंगात असताना चर्चमधली पायपेटी पुसण्याचं काम त्यांच्याकडं होतं. पुसता पुसता हात बसला.

मास्तर आमच्या भजनात येऊन बसायला लागले तसं एकदा गल्लीतल्या तात्यांनी त्यांना विचारलंच, "मास्तर, आमच्या अभंगाला तुमची पेटी कशी काय जुळती?"

मास्तर म्हणाले, "तात्या, आमच्यातबी अभंगच म्हणतेत. टिळकांनी नेले आमच्याकडं."

हे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाईंचे पती. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढं नगरला राहून अभंग, ओवी, पदं या आपल्या घरच्या छंदांत ख्रिस्ती भजनं लिहिली. अमेरिकन मिशनरी नगरला 1831 पासून होते. त्यांच्याबरोबर विलायती चालींची गीतं आली होती, पण देवाला आपल्या चालीत हाक मारायची सोय टिळकांनी आणि त्यांच्यासारख्यांनी मोठी केली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांची कितीतरी पदं आहेत. म्हणजे अभंग आमच्याकडून तिकडं गेला. पेटी मात्र उलट आली. 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिरानं तिचं पेटंट घेतलं. मिशनऱ्यांनी आणि साहेबांनी ती पायानं भाता मारायच्या रूपात इकडं आणली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हातानं भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी केली. बालगंधर्वांच्या नाटकांत ऑर्गन वाजला, तमाशात पेटी वाजली, आणि आमच्या देवळात ती अशी बसली की ती कधी बाहेरून आली असेल हे कुणाला खरं वाटत नाही.

मास्तरांच्या बोलण्यात 'मंडळी' हा शब्द सारखा यायचा. चर्चला जमणाऱ्या सगळ्या लोकांना ते मंडळी म्हणत. आम्ही भजनाला बसणाऱ्यांना म्हणतो. त्यांचं सगळं शिकवणं या एका शब्दाभोवती होतं. "तू साथ कुणाची करतोस? बुवांची? नाही. मंडळींची," ते सांगत.

त्यांचा पहिला धडा पट्टीचा. भजनात काळी चार म्हणजे इभ्रत. खाली उतरला तो थकला, असं मानतात. मास्तर म्हणाले, "सा कुठं ठेवायचा ते सा बघून ठरवायचं नाही. चालीतला सगळ्यात वरचा स्वर बघ, सगळ्यात खालचा बघ. मग खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीकडं बघ. तिला दोन्ही म्हणता येत असतील तर पट्टी बरोबर."

दुसरा धडा उतरण्याचा. चाल धरणारा खोकला, घशाला हात लावला, शेवटचा शब्द नुसता बोलून सोडला, की पुढच्या अभंगाला काळी चारवरून पांढरी पाच, तरीही जड गेलं तर काळी तीन. एकेक घर खाली. साध्या पेटीत सा सरकला की सगळी बोटं बदलतात. म्हणून प्रत्येक चाल निदान पाच घरांतून यायला पाहिजे. वर्षभर त्यांनी माझ्याकडून दुसरं काही वाजवून घेतलं नाही. दादा चिडायचे, "येवढे दिस झाले, पोरगं येकच अभंग घोकतंय!" मास्तर हसून म्हणायचे, "एक नाही दादा, पाच झाले."

तिसरा धडा श्वासाचा. ओळ संपली की बोट उचलायचं. पेटीला दम लागत नाही, माणसाला लागतो. शंभर माणसांना एका वेळी श्वास घ्यायला जागा दिली की पुढची ओळ आपोआप एकत्र उठते. आणि ओळ कुठं संपते ते चालीवरून कळत नाही, अर्थावरून कळतं. म्हणून पेटीवाल्याला अभंग पाठ पाहिजे, समजलेला पाहिजे.

या तीन धड्यांची खरी किंमत मला कार्तिकात कळली. दसरा झाला की आमच्या तालुक्यातून उसाच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते. ट्रक-ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळी, लेकरं घालून जोड्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. त्याच दिवसांत काकडा सुरू होतो. पहाटे देवळात बघावं तर दणकट आवाजाचे सगळे फडावर. उरलेले म्हातारे, सुना, शाळेतली पोरं. काळी चारच धरून बसलं तर तात्यांना वरचं झेपत नाही, आणि फार उतरलं तर बायांना खालचं ऐकू येत नाही. दोघांच्या मधली जागा शोधावी लागते. एका साली काकडा बंदच पडायची वेळ आली होती. "म्हणणारंच न्हाईत तर कशाला लोकांच्या झोपा मोडायच्या," असं ठरत आलं होतं. मी पट्टी उतरवली, चढ्या चाली सोडून बसक्या चाली घेतल्या, धृपद बायांकडं दिलं. तो महिना निभावला. पुढच्या साली बाया आपणहून पुढं बसल्या. आता काकडा त्याच चालवतात.

मास्तर पुढं बदलून नगरकडं गेले, निवृत्त झाले. मी वर्षातून एकदा भेटायला जायचो. 2006 च्या सुमाराला गेलो तेव्हा ते गप्प गप्प होते. त्यांच्या चर्चमध्ये नवा कीबोर्ड आला होता. वाजवायला एक कॉलेजातला मुलगा. त्यात ढोलकी, गिटार सगळं बटणावर. चाल सुरू झाली की ठेका थांबत नाही, श्वासाला जागा नाही, आणि पट्टी मोबाइलवर ऐकलेल्या गाण्याची. "मंडळी आता गात नाहीत रे," मास्तर म्हणाले, "ऐकत बसतात. मागच्या बाकावरच्या बायांनी तर पुस्तक उघडायचं सोडलं."

पाळकांना सांगा, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. "सांगून काय होणार? त्या पोराला कुणी शिकवलंच नाही. त्याची काय चूक?"

सहा महिन्यांनी पुन्हा गेलो तर सत्तरीतले मास्तर त्या मुलाकडून कीबोर्ड शिकत होते. मला मोठ्या उत्साहानं एक बटण दाखवलं. "हे ट्रान्सपोज. बोटं तिथंच ठेवायची, हे दाबलं की पट्टी एक घर उतरते. आपण पाच वर्षं घासली ते हे एका बोटात करतं!" मग मुलाकडं बघून म्हणाले, "बटण यानं मला शिकवलं. कधी दाबायचं, ते मी याला शिकवतोय." मुलगा लाजून हसला. त्या रविवारी मी मागच्या बाकावर बसलो. ठेका बंद होता. पहिलं गीत दोन घरं खाली घेतलं. शेजारच्या आजींनी चष्मा पुसला आणि पुस्तक उघडलं.

पुढं वाचनात आलं की परदेशात या कामाच्या मोठ्या संस्था आहेत. लंडनला ऑर्गन वाजवणाऱ्यांचं रॉयल कॉलेज 1864 पासून, न्यूयॉर्कला अमेरिकन गिल्ड 1896 पासून. त्यांच्या परीक्षांत नुसती अवघड गत वाजवून भागत नाही. समोरचं गीत दुसऱ्या पट्टीत लगेच वाजवून दाखवा, मंडळी गातील असं वाजवा, हेही तपासतात. वाचून मला मास्तरांचा चेहरा आठवला. त्यांनी असलं प्रमाणपत्र कधी पाहिलं नव्हतं, पण अभ्यासक्रम तोच होता.

मास्तर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यानंतर मी एक करतो. कारखान्यांचा पट्टा पडला, टोळ्या परतल्या की उन्हाळ्यात सिंदफणेकाठच्या आमच्या गावात चार दिवस पेटीवाले आणि चाल धरणारे जमवतो. फी नाही, प्रमाणपत्र नाही, भाकरी घरची. पहिल्या दिवशी पेट्या उघडून साफ करायच्या. दुसऱ्या दिवशी एक अभंग पाच घरांतून. तिसऱ्या दिवशी बोट उचलायचं. चौथ्या दिवशी गावातली म्हातारी माणसं, बाया, पोरं बोलावतो आणि पेटीवाल्यांना सांगतो, यांना गायला लावा. सगळ्यात अवघड पेपर हाच. विशारद झालेलं एक पोरगं त्यात पहिल्या साली अडलं. सुरेख वाजवत होतं, पण कुणी गाईना. दुसऱ्या साली ते पुन्हा आलं, पेटी पुढं ओढायच्या आधी आजीजवळ जाऊन बसलं आणि विचारलं, "आज्जे, तू कुठून म्हणतीस?"

आजी आधी लाजली. मग पदर सावरून तिनं अभंगाची पहिली ओळ म्हटली, अन् पोरगं पेटीवर तिचा सा शोधायला लागलं.