धोलावीरा : अंदाज बांधायला शिकवणारं शहर

कच्छच्या रणात, खडीर बेटावर, हडप्पा संस्कृतीतलं धोलावीरा वसलेलं आहे. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. या हिवाळ्यात मुलांना घेऊन तिथे जरूर जा. इतिहास तर कळेलच, शिवाय इंग्रजीचा एक अवघड धडाही सोपा होईल. हडप्पा लिपी अजून वाचता आलेली नाही. त्यामुळे इथल्या माणसांविषयी बरंचसं अंदाजानेच बोलावं लागतं आणि भूतकाळाविषयीच्या अंदाजासाठीच इंग्रजीत ‘मस्ट हॅव’, ‘माइट हॅव’, ‘कान्ट हॅव’ आहेत.

खात्री असेल तर

सुरुवात जलाशयांपासून करा. पाऊस बेताचा, मनसर आणि मनहर हे ओढे पावसाळ्यापुरतेच वाहणारे. तरीही इथे खोल जलाशय आहेत, आत उतरायला पायऱ्या आहेत. पुरावा समोरच आहे, तेव्हा बेधडक म्हणा, ‘दे मस्ट हॅव प्लॅन्ड इट.’ म्हणजे, त्यांनी आखणी केली असणारच.

नुसती शक्यता असेल तर

मग बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजापाशी या. उत्खननात इथे दहा मोठ्या चिन्हांची पाटी सापडली. जिप्समची चिन्हं उरली, लाकडी फळी कुजून गेली. पाटीवर शहराचं नाव होतं, राजाचं की देवाचं? इथे ‘इट माइट हॅव बीन द सिटीज नेम’ एवढंच म्हणता येतं. म्हणजे, असेल कदाचित. कुणी ठासून ‘मस्ट’ म्हणालं, तर मुलांना विचारू द्या, ‘कशावरून?’

शक्यच नसेल तर

एवढी मोठी अक्षरं खासगी निरोपासाठी? ‘इट कान्ट हॅव बीन अ प्रायव्हेट मेसेज.’ ते शक्यच नाही. इथे ‘मस्ट नॉट’ नको, ‘कान्ट’च हवं.

हेही लक्षात ठेवा

‘हॅव’नंतर क्रियापदाचं तिसरं रूप येतं : ‘मस्ट हॅव बिल्ट’, ‘बिल्ड’ नव्हे. ‘बांधलं असणार’ म्हणजे ‘मस्ट हॅव बिल्ट’, तर ‘बांधावं लागलं’ म्हणजे ‘हॅड टू बिल्ड’.

कसे जाल?

भुजपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जा, पुढे गाडीने. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. टोपी आणि भरपूर पाणी सोबत ठेवा. परतीच्या वाटेवर प्रत्येकाने पाहिलेल्या एका गोष्टीवर एक वाक्य बोलायचं आणि पुरावा सांगायचा. जितका पुरावा, तितकीच खात्री, ही सवय मुलांना परीक्षेनंतरही उपयोगी पडेल.