माटवी

भाद्रपद लागला की आमच्या तळकोकणात डोंगराकडे बघायची नजरच बदलते. एरवी ती गुरं सोडायची, कवळ तोडायची जागा. चतुर्थीच्या आधी मात्र झुडपाझुडपापाशी पाय थांबतो आणि मनात येतं, हे माटवीला चालेल. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ही लाकडी चौकट. सिंधुदुर्गात माटवी, गोव्यात माटोळी. पोफळीच्या रिपांची साधी जाळी, वर्षभर माळ्यावर धूळ खात पडलेली. हरतालिकेच्या दिवशी ती उतरवायची, पुसायची, वर टांगायची आणि परसात, रानात त्या वेळी जे फळलं-फुललं असेल ते तिला बांधायचं.

जड असेल ते आधी. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड असे समोरासमोर तोलून बांधले की चौकट कलत नाही. मग तवशी, चिबूड, निरफणस, तोरिंजन, पडवळ. आंब्याचे टाळे चहूबाजूंनी. दोर केवणीचे. ज्या झुडपाच्या पिळदार मुरुडशेंगा बाळगुटीत उगाळतात, तेच हे. त्याची ओली साल लांबच लांब सोलून निघते आणि मांडीवर वळली की हव्या त्या जाडीचा दोर होतो. नारळाच्या भारानेही तो तुटत नाही. सुतळी आणली की माझ्या आजोबांचा चेहरा उतरायचा.

एवढं झालं की उरलेल्या फटींत रान शिरतं आणि माझ्या लेखी खरी माटवी तिथून सुरू होते. शेरवडीचं पांढरं शुभ्र पान दुरून फूल वाटतं. खरं फूल त्याच्या शेजारी, इवलंसं, नारिंगी. ते पान म्हणजे त्या फुलाचंच वाढलेलं निदल. कळलावीच्या पाकळ्या उमलताना हिरवट असतात, मग पिवळ्या होतात आणि टोकाकडून लाल होत जातात. एकाच वेलीवर तिन्ही रंग सापडतात. तिचा कंद विषारी, म्हणून मुलांना ती नुसती दाखवायची, तोडायची मोठ्यांनी. कवंडळाचं लालबुंद फळ खायचं नसतं, पण बाप्पाच्या डोक्यावर त्याच्याइतकं कुठलंच फळ शोभत नाही. ऐनाची पंखवाली फळं, घागऱ्याच्या शेंगा, आणि कांगलं, म्हणजे मालकांगोणीचे घोस. कांगलं वाळलं की तडकतं आणि आतला नारिंगी गर दिसू लागतो.

ही नावं मला शाळेने दिली नाहीत. माटवीचं सामान गोळा करताना आजोबा प्रत्येक वेलीपाशी थांबत, पान चुरगाळून वास घ्यायला लावत. एकदा कळलावी ओढायला गेले तेव्हा त्यांनी मनगट धरलं. ‘‘बाये, मुळाक हात लावू नको. फुडल्या वर्साक काय बांधतलंस?’’

पानाफुलांचा हा आधार कठीण काळातही पुरला. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षं सोडता, इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या धर्मन्यायालयाचा अंमल होता. आजही तिथल्या काही घरांत मूर्तीऐवजी पत्रीची किंवा कागदावरच्या चित्राची पूजा होते आणि त्याचं मूळ त्या दिवसांत सांगतात. मूर्ती घडवणं अवघड झालं तेव्हा पानाफुलांनी देव राखला, हे मला फार मोठं वाटतं. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि शहरांत कागदाची, कापडाची मखरं दिसू लागली. चांगलंच झालं. पण त्या मखरांखाली उभं राहून आपण कुठल्या मातीत राहतो, हे कळत नाही. माटवीखाली कळतं.

म्हणूनच आता म्हापशाच्या माटोळीच्या बाजारात कांगल्याचे ढीग पाहिले की आनंदाबरोबर काळजी वाटते. घोस उंचावर असतो, म्हणून अख्खी वेल बुंध्याशी तोडतात. कित्येक वर्षांत वाढलेली वेल एका दुपारी संपते. माटोळीच्या स्पर्धांनी तरुण मुलांना पुन्हा रानात नेलं, हे त्यांचं मोठं श्रेय. तरी जिन्नसांची संख्या वाढवण्याची चढाओढ मला पटत नाही. माझ्या घरची माटवी लहान असते. ज्याचं नाव घरातल्या सगळ्यात लहान मुलाला सांगता येतं, तेच आम्ही बांधतो. कांगल्याचा एकच घोस घेतो, तोही आकडीने फांदी वाकवून.

विसर्जनानंतर माटवी सुटते. तवशी आणि केळी शेजारीपाजारी वाटतो, नारळ स्वयंपाकघरात जातात, सुपारी उन्हात पडते. कवंडळं आणि कांगलं मात्र टाकून द्यायची नाहीत. त्यांच्या बिया काढून आम्ही मागच्या गडग्याच्या कडेने पेरतो. कवंडळ पटकन रुजतं. कांगल्याला वेळ लागतो.