जंतू, आणि इतका देखणा?

जंतू म्हटलं की आपण आधी हात धुतो. पण एमएस्सी करणाऱ्या भाचीने परवा पेट्री डिश पुढे धरली आणि मी बघतच राहिले! आगरवर खडूची पूड सांडावी तशा पांढुरक्या गोल कॉलनी, आणि एकेकीच्या माथ्यावर गर्द निळा, टपोरा थेंब. जंतूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर. राहणार मातीत, माणसाच्या वाटेला न जाणारा. थेंबातला निळा रंग म्हणजे त्याने स्वतः बनवलेलं अँटिबायोटिक, अ‍ॅक्टिनोऱ्होडिन. "मावशी, आता बघ हं," म्हणत तिने त्यातलं थोडं काढून आम्लात घातलं, तर लालभडक! अल्कली घातल्यावर पुन्हा निळं. (औषधाच्या दुकानात हे मिळत नाही, पण बघायला काय बहार!)

आणि वास? थेट पहिल्या पावसाचा! ज्याला आपण मातीचा गंध म्हणतो, तो मुख्यतः जिओस्मिनचा, आणि ते बनवतात ही मंडळी. मी तर उडालेच.

याचं वागणंही और. आहे बॅक्टेरिया, पण बुरशीसारखे धागे पसरतो. अन्न संपत आलं की आपलेच जुने धागे मोडून खातो आणि त्या ऐवजावर वर नवे धागे उभारून त्यांवर बीजाणू धरतो. अँटिबायोटिक बनतं ते याच सुमाराला. त्या आयत्या जेवणावर शेजारच्या जंतूंनी ताव मारू नये म्हणून ही तजवीज, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. 2002 मध्ये त्याचा जीनोम उलगडला तेव्हा जनुकं निघाली सुमारे 7,800. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायकडे याच्या निम्म्याहून थोडी जास्त!

क्षयावरचं पहिलं गुणकारी अँटिबायोटिक, स्ट्रेप्टोमायसिन, याच्याच भाऊबंदाचं. 1943 मध्ये अमेरिकेतल्या रटगर्समध्ये सापडलेलं. पण खरा धक्का पुढेच होता. 1960च्या दशकात आपल्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ते देणाऱ्या जंतूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिंपरी म्हटलं की लोक गाड्यांचे कारखाने सांगतात. मला विचाराल तर पहिला मान या जंतूचा.