पळणाऱ्यास एक वाट

पळणाऱ्यास एक वाट आणि शोधणाऱ्यास बारा, ही म्हण आमच्या डोणगावात दावे तोडून गेलेल्या गुरापासून सावकार बुडवून गेलेल्या कुळापर्यंत कोणालाही लावतात; परंतु लक्षावधी ज्यूंना मृत्यूच्या गाड्यांत बसविण्याचा बंदोबस्त करणाऱ्या आइखमानला ती लावू गेले म्हणजे अपुरी पडते. १९५० साली रिकार्डो क्लेमेंट या नावाचा रेड क्रॉसचा दाखला खिशात घालून तो जिनोव्हाच्या बंदरातून अर्जेंटिनास गेला, ती त्याची एक वाट खरी. पण ती चालू ठेवण्यास दाखला देणारे कारकून, शिफारस करणारे धर्मगुरू आणि उतरवून घेणारे एक सरकार खपत होते. दहा वर्षांनी तो सापडला व फासावर गेला. ऑश्विट्झच्या छळछावणीतला डॉक्टर मेंगेले मात्र १९७९ साली ब्राझीलच्या समुद्रात पोहताना मेला, आणि तो मेल्याचे शोधणाऱ्यांस १९८५ साली कळले.

शोधणाऱ्यास खरोखरच शोधावयाचे आहे, हे म्हणीने गृहीत धरले आहे. तेथेच मी अडतो, आणि अडतो तो घराजवळच्याच उदाहरणाने. आमचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अमलात, १९०२ पासून तर कायमच्या पट्ट्याने, आणि तरीही कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचाच होता. त्या एका करारनाम्याच्या कृपेने डोणगाव सरहद्दीच्या अलीकडे राहिले, आणि रिसोडच्या पलीकडे सेनगाव-हिंगोलीच्या निजामी मुलुखात त्याच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा जुलूम झाला. शाई वाळली नसती तर आमचे आजे कोणत्या बाजूस असते, हा निरर्थक प्रश्न मला मूळ विषयाहून अधिक छळतो.

निजामाचा दिवाण लायक अली आइखमानच्याच साली, १९५० च्या मार्चमध्ये, नजरकैदेतून पाकिस्तानात निसटला. रझाकारांचा पुढारी, लातूरचा वकील कासीम रझवी याला तेवढेही कष्ट पडले नाहीत. दरोड्याच्या खटल्यातील सात वर्षांची शिक्षा भोगून १९५७ साली तो सुटला, तो पाकिस्तानात जाण्याच्या अटीवरच, म्हणजे त्याची एक वाट शोधणाऱ्यांनीच आखून दिली.

येथवर मला थोडे समाधान वाटत होते. परंतु सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांनी हैदराबादेत केलेल्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांची जी कत्तल झाली, तिच्यातील मृतांचा अंदाज भारत सरकारने धाडलेल्या सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार दिला. तो अहवाल कित्येक दशके दप्तरात राहिला, आणि त्या हत्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांस पळण्याची गरजच पडली नाही. ते घरी राहिले, पेरण्या केल्या, नातवंडे खेळविली. बाराही वाटा ज्यांच्या अंगणावरून जात होत्या, त्यांच्याकडे कोणी वळले नाही.

पलीकडच्या मुलुखातून आमच्या बाजारास येणारी म्हातारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांतील कोण रझाकारांच्या भयाने पळून आला होता आणि कोणाच्या हातून पुढे सप्टेंबरात काय घडले होते, हे विचारण्याचा मला अधिकार होता की नव्हता, याविषयीचे माझे मत दर काही वर्षांनी पालटते; सध्या ते ‘होता’ या बाजूस आहे, पण विचारून मी त्या उत्तराचे काय केले असते, हे मला सांगता येत नाही.