१३,५०८ जणांचं एक बक्षीस

बक्षीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. स्टेज, शाल-श्रीफळ, कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि मधोमध अवघडून उभा असलेला एक माणूस. पण एप्रिल २०२५ मध्ये एक बक्षीस असं जाहीर झालं, की त्याचे सगळे विजेते बोलवायचे म्हटले तर आपलं गॅदरिंगचं ग्राउंडसुद्धा पुरणार नाही. मूलभूत भौतिकशास्त्रातलं ब्रेकथ्रू प्राइझ. रक्कम ३० लाख डॉलर. आणि विजेते किती? १३,५०८!

मित्रहो, हा छपाईचा दोष नाही. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये अ‍ॅटलास, सीएमएस, अ‍ॅलिस आणि एलएचसीबी असे चार मोठे प्रयोग चालतात. त्यांच्या ठरावीक काळातल्या रिसर्च पेपर्सवर ज्यांची ज्यांची नावं आहेत, ते सगळे विजेते. सत्तरहून जास्त देशांतले लोक. हे ग्रुप काही काल-परवा जमलेले नाहीत. अ‍ॅटलास आणि सीएमएसची जुळवाजुळव १९९२ च्या सुमारास सुरू झाली, म्हणजे माझ्या जन्माच्याही बरीच वर्षं आधी. मशीन २००८ मध्ये सुरू झालं आणि हिग्ज बोसॉन सापडला २०१२ मध्ये. वीस वर्षं एकाच प्रोजेक्टवर! आपल्याला एका सेमिस्टरमध्ये ग्रुप मेंबर नकोसे होतात.

पैशांचं काय केलं? समान वाटले असते तर माणशी साधारण २२० डॉलर आले असते. त्यांनी ते वाटलेच नाहीत. पीएच.डी. करणाऱ्या मुलांना सर्नमध्ये येऊन काम करता यावं म्हणून सगळी रक्कम देऊन टाकली. त्याआधी २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोच्या ग्रुपला हेच बक्षीस मिळालं, तेव्हा १० लाख डॉलर तिघा संस्थापकांना आणि २० लाख उरलेल्या १,०१२ जणांना असे वाटले होते.

नोबेलचं गणित वेगळं. तिथे विज्ञानाचं एक बक्षीस तिघांपेक्षा जास्त जणांना मिळत नाही. २०१३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल हिग्ज आणि आंग्लेर यांना मिळालं. त्यांनी १९६४ मध्येच कागदावर सगळं मांडून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांचा मान मोठाच. पण ते कण प्रत्यक्षात दिसावेत म्हणून २७ किलोमीटरच्या बोगद्यात पंधरा-पंधरा मीटर लांबीचे, प्रत्येकी ३५ टनांचे १,२३२ मॅग्नेट कुणीतरी मिलिमीटरच्या अंशापर्यंत सरळ बसवले ना? आणि ते ज्या जॅकवर टेकलेत, त्यातले हजारो जॅक आपल्या भारतात बनलेत. सीएमएसचा एक भाग तर मुंबईच्या टीआयएफआरच्या लोकांनी केलाय. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्या वर्कशॉपचंही त्या शोधाशी काहीतरी नातं आहे.

आता मुद्द्यावर येते. गेल्या सेमिस्टरला आमचा चौघांचा मिनी प्रोजेक्ट होता. सर्किट डिझाईन, पीसीबी, सोल्डरिंग, रात्री दोनला न चालणारा सेन्सर पहाटे पाचला चालवणं, हे सगळं आमच्यातल्या एकाने केलं. तो खेड्यातल्या मराठी शाळेत शिकलाय. मी कॉन्व्हेंटची. रिपोर्ट मी लिहिला आणि स्लाइड्स मी केल्या. ओरलला एक्स्टर्नलनी इंग्लिशमध्ये विचारलं, "हा रेझिस्टर इथे का?" उत्तर त्याला माझ्यापेक्षा दहापट चांगलं माहीत होतं. तो शब्द जुळवत राहिला. मी बोलले. मार्क लागले तेव्हा चौघांत सगळ्यात जास्त माझे होते आणि सगळ्यात कमी त्याचे.

त्याने "पार्टी कधी?" एवढंच विचारलं. मला मात्र ते मार्क अजून बोचतात. मी खोटं काही बोलले नव्हते आणि एक्स्टर्नलही वाईट नव्हते. पण दहा मिनिटांत जे ऐकू आलं तेवढंच मोजलं गेलं, आणि चार महिन्यांचं सोल्डरिंग ऐकू येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांना सारखं द्यायचं का? प्रत्येक ग्रुपमध्ये एक महाशय असतातच, जे फक्त स्पायरल बाइंडिंगच्या दिवशी उगवतात! शंका बरोबर आहे. पण सर्नवाल्यांनी याचाही विचार केलाय. अ‍ॅटलाससारख्या ग्रुपमध्ये गेल्या गेल्या पेपरवर नाव लागत नाही. आधी प्रयोगासाठी सगळ्यांच्या उपयोगाचं ठरावीक काम करून दाखवावं लागतं. एकदा नाव लागलं की ते आडनावाच्या वर्णक्रमाने. तिथे बॉस आधी आणि पोरं शेवटी असं काही नाही. २०१५ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएसने मिळून एक पेपर काढला, त्याचे लेखक ५,१५४. ३३ पानांपैकी २४ पानं नुसत्या नावांनी भरलीत. कुणी हसेल त्याला, मला ती २४ पानं फार आवडली. केबल ओढणाऱ्याचं नाव छापायला जागा पुरत नाही, असं तिथे कुणी म्हटलं नाही.

आपल्याला २४ पानं नकोत, एक पुरे. प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सर्टिफिकेटच्या मागे एक पान असावं. त्यावर नावं वर्णक्रमाने आणि प्रत्येकापुढे त्याने काय केलं ते दोन ओळींत. खाली चौघांच्या सह्या, म्हणजे थापा मारता येणार नाहीत. आणि ओरलला ज्याने जे बनवलंय त्यालाच ते विचारावं, त्याला जमेल त्या भाषेत. रेझिस्टरला कुठे इंग्लिश येतं?

हे पान आमचा ग्रुप यंदाच्या रिपोर्टला लावणार आहे. फॉरमॅटमध्ये बसत नाही म्हणून ते काढायला सांगितलं, तर सरांना काय उत्तर द्यायचं तेही ठरलंय. आणि या वेळी बोलणार तो आहे, मराठीत.