टाकीचा पोचा

आमच्या राजदूतच्या टाकीला डाव्या अंगाला ताटलीएवढा पोचा होता. तो कसा पडला हे साऱ्या गावाला ठाऊक. बांधावरनं माझं अन् आप्पाचं भांडण पेटलं, आप्पानं रागानं गाडी लोटली, ती विहिरीच्या थारोळ्यावर जाऊन आदळली. आप्पा माझा थोरला भाऊ. त्या दिवसापासून नऊ वर्षं आमचं बोलणं बंद. गाडी मी तशीच चालवली. लोकांना दिसू दे, असं वाटायचं.

यंदा नातवानं विचारलं, "आबा, हे कुणी केलं?"

"दगडावर पडली," म्हणालो. पोरापुढं भावाचं नाव घ्यायला जीभ रेटेना. मग ठरवलं, पोचा काढायचाच.

तालुक्याचा मेकॅनिक म्हणाला, "लांबी भरून रंग मारतो." पण लांबीनं खड्डा बुजतो, खाली पत्रा तसाच चेपलेला राहतो. म्हटलं, घरीच बघू.

टाकी उतरवली, पेट्रोल काढलं. पण पेट्रोल काढलं म्हणजे भागलं असं नाही. आत वाफ राहते, अन् ठिणगी पडली तर रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट. साबणाच्या पाण्यानं तीनदा खळबळली, दोन दिवस उन्हात पालथी घातली. सळई वाकवली, टोक कानशीनं गोल केलं अन् झाकणाच्या तोंडातनं आत घातली. पण एकट्याला जमेना. टाकी धरावी तर सळई निसटायची. शेवटी जोर लावून मधोमध रेटलं, तर तिथं टेंगूळ आलं अन् कडा तशाच उभ्या!

"मधी नगं रेटू. कडंनं ये."

मान वर केली. बांधावर आप्पा उभा. लहानपणी तो तांबटाकडं भाता ओढायला जायचा, भांड्याचे पोचे काढताना त्यानं बघितलेलं. मी काहीच बोललो नाही. तोच खाली उतरला, टाकी गुडघ्यांत धरून बसला. मी आतनं सळईनं हळूहळू दाबायचो, तो बाहेरनं उभ्या कडेवर लाकडी हातोडी टकटक मारायचा. बद्द वाजायचं ते खणखणीत वाजायला लागलं की पुढं सरकायचं. दुपार कलली. घरातनं न सांगता दोन कप चहा आला.

शेवटी नखाएवढा खळगा उरला. मी सळई पुन्हा आत घातली तसा त्यानं हात धरला. "ऱ्हाऊ दे. लई मारलं की पत्रा ताणतो, मग कवाच बसत न्हाई."

नातवानं घासून काळा रंग दिला. उन्हात बघितलं तर खळगा अजून दिसतो. बांधाचं आम्ही अजून काही बोललेलो नाही.

परवा आप्पाला गुडघा दाखवायला तालुक्याला न्यायचं होतं. मागं बसला. पाणंदीत गाडी खड्ड्यात आदळली तसा म्हणाला, "सावकास चालीव की. आत्ताच टाकी नीट केलीया."