जुलैतल्या रिकाम्या फळ्या

न्यू जर्सीत आमच्या गावातल्या एका चर्चच्या तळघरात फूड पॅन्ट्री चालते. शनिवारी सकाळी मी तिथे आलेलं सामान निवडायला जाते. प्रत्येक डबा हातात घेऊन बघायचा. झाकण फुगलेलं असेल किंवा जोडावर पोचा आलेला असेल, तर तो सरळ कचऱ्यात. बाळाची दूध पावडर तारीख उलटल्यावर कधीच द्यायची नाही. बाकी डब्यांवरची 'बेस्ट बाय' तारीख चवीपुरती असते, म्हणून महिना उलटलेला राजमा बिनधास्त फळीवर जातो.

लोक मनापासून देतात, पण पुष्कळदा घरात नको झालेलं देतात. क्रॅनबेरी सॉस उदंड येतो आणि तेल येत नाही. साबण, डायपर, सॅनिटरी पॅड यांचा तर कायम तुटवडा. सरकारी मदतीच्या स्नॅप कार्डावर या वस्तू घेताच येत नाहीत, हे देणाऱ्यांच्या गावीही नसतं. मोटेलच्या एका खोलीत दोन मुलांना घेऊन राहणारी बाई आमच्याकडे येते. तिच्याजवळ फक्त मायक्रोवेव्ह आहे. तिला सुक्या राजम्याची पिशवी देऊन काय उपयोग? तिला ओट्स, पीनट बटर, कडी ओढून उघडणारे डबे हवे असतात. म्हणून आम्ही भरलेली पिशवी कुणाच्या हातात ठेवत नाही. दुकानात फिरावं तशी माणसं फळ्यांपुढून फिरतात आणि हवं ते उचलतात. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. हात आखडला म्हणून कुणाची आवडनिवड संपत नाही.

एकदा साडीवर जाड स्वेटर घातलेल्या एक काकू आल्या. मुलाची नोकरी गेली होती. फळीपाशी थबकून त्यांनी मला मराठीतच विचारलं, "ही तूरडाळ का गं?"

"हो काकू, घ्या ना."

त्यांनी दोन पुडे उचलले, मग एक परत ठेवला. "असू दे, आणखी कुणाला लागेल." मी तो त्यांच्या पिशवीत घातला.

ती डाळ गावातल्या इंडियन ग्रोसरीवाल्यांनी दिलेली. आधी ते कचरत होते. कुणाचं पोट बिघडलं तर माझ्यावर खटला व्हायचा, म्हणायचे. चांगल्या हेतूने अन्न दान करणाऱ्याला 1996 च्या कायद्याचं संरक्षण आहे, हे त्यांना छापील कागद दाखवून पटवलं. आमच्या मराठी मंडळात अडचण निराळी होती. तांदळाची पोती आनंदाने येत, पैसे मागितले की चेहरे बदलत. वास्तविक पॅन्ट्रींना शिधा पुरवणारी फूड बँक घाऊक भावाने घेते, त्यामुळे तेवढ्याच पैशांत तिला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त शिधा मिळतो. आता आलेल्या प्रत्येक डॉलरचा हिशेब आम्ही दारावर लावतो आणि मंडळातूनही चेक येऊ लागलेत.

2025 च्या नोव्हेंबरात सरकारी कामकाज ठप्प होऊन स्नॅपचे पैसे रखडले, तेव्हा रांग पार्किंगपर्यंत गेली आणि देणारेही धावून आले. पण थँक्सगिव्हिंग ते नाताळ लोक एरवीही देतातच. फळ्या रिकाम्या पडतात त्या जुलैत. शाळा बंद, म्हणजे शाळेतलं फुकट जेवणही बंद. सुट्टीत मुलांना जेवण देणारी केंद्रं असतात, पण आईबाप कामावर गेल्यावर मुलांना तिथवर नेणार कोण?

म्हणून यंदा मंडळाला सांगितलंय, गणपतीपर्यंत थांबू नका. जूनअखेर मी गाडी घेऊन दारोदार येणार आहे. तेल, सीरियल, दूध पावडर द्या. आणि डायपर द्याल तर मोठ्या मापाचे, पाच आणि सहा नंबरचे. ते कुणीच आणत नाही.